जुनं काम

"भाभी, कंपनीतली मोटर जुनं काम विसरत नाय. ड्राइव्हमधला प्रोग्राम पहिला पुसा," अच्छाडच्या भंगारवाल्याने बजावलं होतं. "मोटर आहे की समंध?" म्हणत ऋचा हसली, आणि नवऱ्याने ती सर्वो मोटर, तिला चालवणाऱ्या ड्राइव्हच्या डब्यासकट, घरच्या लाकूड कोरायच्या मशीनला तशीच जोडली.

काल लाइट नव्हती, म्हणून लेक मशीनच्या टेबलावर बाहुली झोपवत बसलेली. ऋचाने तिला भरवायला उचललं आणि लाइट आली. कुणी बटण दाबलं नाही, तरी मशीनचा हात कारखान्यातल्या प्रेससारखा बाहुलीवर आदळत राहिला.

भंगारवाला म्हणतो, जोडीतली दुसरी मोटर तलासरीत कुणीतरी नेली.



तुमच्या ओळखीत असेल कुणी, तर आत्ता फोन करा. आधी विचारा, लेकरू कुठे आहे?