प्रार्थनेची चिठ्ठी

"साखर जास्त झाली," म्हणत एस्तेरबाईंनी दुसरा चहाही परत केला. पहिल्यात कमी होती. करुणाने गोड हसून पुन्हा आधण ठेवलं. चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून प्रभूकडे सहनशीलता मागायची हौस तिचीच. पाळकसाहेबांनी लगेच तिला दर गुरुवारी या अंथरुणाला खिळलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकेच्या सेवेला धाडलं.

तीन महिने झाले. उशी कधी धड लागत नसे, आणि हिचं शास्त्रवाचन ऐकलं असतं तर पौलाने बायबलातली पत्रं लिहिलीच नसती, असं बाईंचं ठाम मत. करुणा प्रत्येक टोमणा गिळायची आणि मनातल्या मनात स्वर्गातला आपला मुकुट चाचपून बघायची. हल्ली तो मानेला जड व्हायला लागला होता.

चहा एकदाचा पसंत पडल्यावर ती रविवारच्या उपासनेत वाचायची प्रार्थनेची चिठ्ठी लिहायला बसली. "सांगा बाई, काय मागू? गुडघ्यांना आराम?"

"लिही," बाईंनी डोळे मिटून हात जोडले. "प्रभू, दर गुरुवारी एक बाई सेवेला येते. तीन महिने मी तिला सोसतेय. आणखी थोडी सहनशीलता दे."

मग एक डोळा उघडला.

"अक्षर नीट काढ. सगळ्यांसमोर तुलाच वाचायचंय."