पत्रातली शेवटची अट

दोन वर्षं राखीव बाकावर बसून सेमिसी विटला होता. सिडनीतल्या त्याच्या रग्बी लीग क्लबशी असलेला करार संपायला वर्ष बाकी असतानाच त्याने सुटका मागितली. गुणतक्त्यात तळाला असलेल्या एका संघाने त्याला बोलावलं होतं. क्लबच्या प्रशिक्षकाने मानही वर केली नाही. "जा बाबा. नाहीतरी आमच्या काय कामाचा तू?"

घरी येऊन त्याने सुटकेचं पत्र मेले या थोरल्या बहिणीपुढे टाकलं. "ताई, संपलो मी. प्रशिक्षक म्हणाले, मी काही कामाचा नाही."

मेलेने अळूचा कंद सोलता सोलता पत्र वाचलं आणि सुरी खाली ठेवली. "शेवटची अट वाचलीस?"

"नाही."

"'नव्या संघाने यंदा सेमिसीला आमच्याविरुद्ध मैदानात उतरवू नये.'" ती हसायलाच लागली. "बिनकामाच्या माणसाला एवढं कोण घाबरतं रे?"