पाद्रीबाबांचं आडनाव

"तुम्ही आमच्या आजोबांना फसवलंत," भिंतीवरच्या जर्मन पाद्रीबाबांच्या फोटोला शिमोनमास्तर म्हणाले.

आजोबा गावची मेलेली ढोरं ओढायचे. बाप्तिस्मा घेतला तेव्हा ते काम सुटलं आणि पाद्रीबाबांनी स्वतःचंच आडनाव दिलं, शिंडर. पण ख्रिस्ती झालं तरी सोयरिकीत जात निघतेच. मास्तरांच्या मुलीला, एस्तेरला बघायला आलेल्यांनीही विचारलं, "मूळचे कोण तुम्ही?" मास्तर ताठ होऊन म्हणाले, "शिंडर. जर्मनीतून इतिहास मागवून दाखवतो."

आज जर्मनीहून पत्र आलं आणि एस्तेरनं ते वाचून दाखवलं. शिंडर म्हणजे पूर्वी तिथं मेलेली ढोरं सोलणारे. घरं गावाबाहेर, शिवायचं नाही कुणी, चर्चमध्येही बसायला वेगळा बाक.

ते ऐकूनच मास्तर फोटोकडे वळून बोलले होते.

"पुढं ऐका, पप्पा. तिथले शिंडर आता डॉक्टर आहेत, न्यायाधीश आहेत. मूळचे कोण, असं त्यांना कुणी विचारत नाही. पण उद्या पाहुण्यांना आपण काय सांगायचं?"

"सोयरीक तर गेलीच, पोरी. पण विचार पाहुण्यांना. आडनाव तेच, काम तेच. तिथले सुटले, मग आम्ही का नाही? सांगा म्हणावं."