आवाज आला की बटण दाबा

"आत बसा, हेडफोन लावा, आवाज आला की बटण दाबा," त्याने सांगितलं. हे वाक्य तो दिवसातून वीस वेळा म्हणायचा. आज मात्र ते म्हणताना त्याने मास्क आणखी वर ओढला, कारण काचेपलीकडच्या त्या छोट्या खोलीत जो गायक शिरत होता, त्याचा गळा आवळायची स्वप्नं त्याने सोळा वर्षं पाहिली होती.

गायकाने त्याला ओळखलं नव्हतं. ओळखणार तरी कसा? तेव्हा खांद्यापर्यंत केस होते, आता टक्कल. वर तोंडाला मास्क आणि अंगात पांढरा कोट. गायक मात्र होता तसाच होता मेला. तोच चामड्याचा कोट, मान तिरकी करून बघायची तीच सवय.

एकेकाळी दोघं एकाच बँडमध्ये होते. हा ड्रमर. गॅरेजच्या भिंतींना जुन्या गाद्या लावून वाजवायला सुरुवात केली, तेव्हापासूनचे जोडीदार. याला सगळे 'धडाम' म्हणायचे. अकरा वर्षं तो स्टेजवर मागे बसून हातापायांनी घाम गाळत राहिला. त्यांचं जे गाणं सगळीकडे गाजलं, ते सुरू व्हायचं नुसत्या ड्रम्सवर. पहिले आठ ठोके पडले की गायकाने तोंड उघडायच्या आत हजारो लोक 'धडाम, धडाम' ओरडायचे. गायकाला खुपलं ते हेच असणार.

मग एका कार्यक्रमात गायकाने गाणं मध्येच थांबवलं आणि माइकवर सांगितलं, "माफ करा मंडळी, आमचे ड्रमरसाहेब आज ताल घरी विसरून आलेत."

वीस हजार माणसं खदाखदा हसली. ताल तसूभरही चुकला नव्हता. पण ऐकतंय कोण! आठवड्याभरात त्याच्या जागी दुसरा बसला, आणि ताल विसरणाऱ्या ड्रमरला कुठल्याच बँडने दारात उभं केलं नाही. दोन वर्षं घरात बसून काढल्यावर बायकोने जाहिरातीचं एक कात्रण त्याच्यापुढे सरकवलं. कान तपासायचा कोर्स. शिकला बिचारा. करतो काय?

या दवाखान्यात तो फक्त बुधवारी आणि शुक्रवारी असायचा, बाकीचे दिवस दुसरीकडे. त्यामुळे नेमक्या बुधवारी हा माणूस दारात आला, तेव्हा नशिबानेच शिकार आणून सोडली असं त्याला वाटलं. काउंटरवरची बाई कुरकुरत होती, तीनदा वेळ बदलून घेतली म्हणे, मोठ्या लोकांचे नखरे.

सोबतच्या मॅनेजरने सगळं एका दमात सांगून टाकलं होतं. दोन वर्षांचा दौरा, एकशे चाळीस कार्यक्रम, करारावर सह्या झालेल्या. विमा कंपनीला तेवढा कानांचा रिपोर्ट हवाय. कान ठणठणीत आहेत हो, नुसती सही-शिक्का द्या. रिपोर्ट वाईट आला तर? तर दौरा रद्द, करारही रद्द, पण तसलं काही अभद्र बोलू नका.

धडामने दार लावलं. बास, ठरलं. पकडलो गेलो तर नोकरी जाईल. जाऊ दे, आजवर काय कमी गेलंय?

सुरुवातीचे खालच्या पट्टीतले आवाज त्याने इमानदारीत दिले. रिपोर्ट खरा वाटायला हवा ना. काचेपलीकडे अंगठा हलला, इकडे दिवा लागला. मग आवाज वर वर चढवायची वेळ आली आणि त्याने आवाजच बंद करून टाकला. चकती फिरवत राहिला, आकडे मांडत राहिला, पण हेडफोनमध्ये चिटपाखरू नव्हतं.

गायक डोळे मिटून बसला होता. अंगठा बटणावर तसाच. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. ऐक लेका, धडाम मनात म्हणाला, वीस हजार माणसांपुढे मला जे ऐकवलंस, ते आता ऐक. त्याला इतका आनंद झाला की मास्कच्या आत तो चक्क हसत होता.

डॉक्टरबाईंचा त्याच्या आलेखावर डोळे झाकून विश्वास. त्यांनी गायकाच्या कानात बॅटरी मारून पाहिली, कागद दोनदा वाचला आणि हळू आवाजात सांगितलं, की वरचे आवाज जवळजवळ गेलेत, स्टेजचा दणदणाट आता एक दिवससुद्धा नको. मॅनेजर मटकन खाली बसला. गायकाने दोन्ही तळहातांनी तोंड झाकून घेतलं. त्याचे खांदे हलत होते. ते हलणारे खांदे धडामने अगदी पोटभर पाहून घेतले.

रिपोर्टवर सही झाली, शिक्का बसला. मॅनेजर रिपोर्ट घेऊन फोन लावत जिन्यापर्यंत गेला. धडाम आपल्या खोलीत येऊन दाराकडे पाठ करून बसला. सोळा वर्षांत पहिल्यांदाच छाती हलकी झाली होती. नकळत त्याची दोन बोटं टेबलाच्या कडेवर नाचायला लागली, ते आठ ठोके, अगदी हळू, त्याचे त्यालाही जेमतेम ऐकू येतील इतके.

"हल्ली फार हळू वाजवतोस, धडाम."

तो गर्रकन वळला. दारात गायक उभा होता.

"या करारातून सुटायला वर्षभर धडपडतोय. गुपचूप तीन ठिकाणी जाऊन बटण न दाबता बसून पाहिलं. तिघांनीही ढोंग पकडलं." गायकाने दार अलगद लोटून घेतलं आणि आवाज आणखी खाली आणला. "मला मनापासून नापास करेल असा माणूस जगात एकच होता. त्याचा पत्ता शोधायलाच काय तो वेळ लागला."