ताटाबाहेरचा घास

“पोटात निखारे पेटलेत रे,” कॉटवर कळवळत इंदूताई म्हणाली. वॉर्डातल्या डॉक्टरांनी फाइल मिटली. “जुना मानसिक आजार आहे. भासच असणार. झोपेचं इंजेक्शन देऊ.”

धाकट्या भावाला, भालचंद्रलाही ते पटलं. वर्षानुवर्षं ताईच्या कानात माणसं बोलायची. त्यांच्यासाठी ती रोज ताटाबाहेर एक घास काढून ठेवायची. आज मात्र कॉटशेजारच्या ताटाबाहेर काहीच नव्हतं.

“त्यांचा घास गं, ताई?”

“ते गप्प आहेत सकाळपासून. हे दुखणं माझं आहे.”

इंजेक्शन घेऊन आलेल्या नर्सपुढे त्याने हात आडवा घातला. “झोपवू नका तिला! आधी पोट तपासा!”

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. ऑपरेशननंतर पहिल्यांदा मऊ भात आला, तेव्हा ताईने ताटाबाहेर घास काढला. इतकी वर्षं त्यावरून चिडणाऱ्या भालचंद्रने त्या घासावर तूप वाढलं.