जाळीचे घारगे

दिनानाथकाकांच्या दाराला कुलूप होतं.

नूतन भोपळा कडेवर घेऊन जिन्यात उभी राहिली. मांजर्लीच्या त्या बिल्डिंगमध्ये कुणाकडे लाल भोपळा आला की तो आधी काकांकडे जायचा. अख्ख्या भोपळ्याला बाईने सुरी लावायची नाही. भोपळा म्हणजे घरातला थोरला मुलगा. पहिली चीर काका द्यायचे, मग पुढचं बायका बघायच्या.

आज दारात पाच दिवसांचे पेपर पडले होते.

"रविवारपासून लेकीकडे गेलेत, विठ्ठलवाडीला," समोरच्या सोनियाने सेफ्टी डोअरमधूनच सांगितलं. "आमचे पण निघाले सहाच्या शिफ्टला. वॉचमनला विचार ना."

वॉचमन गेटवर नव्हता. सव्वासात झाले होते.

आठला तिच्या मुलाला, सोहमला डिस्चार्ज मिळणार होता. सोमवारी संध्याकाळी त्याला ताप भरला आणि रात्रीच अंबरनाथच्या हॉस्पिटलात न्यावं लागलं. डेंग्यू. तीन रात्री नूतन तिथेच होती. काल नवऱ्याने, अभिजीतने तिला बळेच घरी पाठवलं. आठ वर्षांच्या पोराने एवढ्या दिवसांत एकच गोष्ट मागितली होती, भोपळ्याचे वॉफल. वाढदिवसाला उल्हासनगरहून आणलेलं यंत्र जेमतेम दोनदा वापरलं होतं.

ती भोपळा घेऊन परत वर आली. सासूबाई देवापुढे बसल्या होत्या. घरीदारी सगळे त्यांना माईच म्हणत. बेलवलीच्या देवळातलं कीर्तन माईंनी कधी चुकवलं नव्हतं, पण सोमवारपासून त्या तिकडे फिरकल्या नव्हत्या. गुडघे धरलेत, म्हणाल्या. भोपळ्याच्या एका अंगाला त्यांनीच कणकेचा जाड गोळा थापून वर कुंकू लावलं होतं. नजर नको लागायला. आणि बजावलं होतं, "अभिजीत आल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही हं."

नूतनने स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं. कणकेभोवती मुंग्या लागल्या होत्या, त्या पुसल्या. देवा, काय असेल ते मला दे, त्याला नको, असं मनात म्हणाली आणि दुसऱ्या अंगाने सुरी घातली. खट्‌कन आवाज झाला.

कुंकवाचा अर्धा भाग तिने तसाच फ्रिजमध्ये ठेवला. त्याच्याकडे बघवत नव्हतं. दुसरा किसून वाफवला, गूळ विरघळवला, कणीक, दूध, तूप घालून फेटायला घेतलं तेव्हा माई आत आल्या.

"भोपळा कुणी चिरला गं?"

"दिनानाथकाकांनी."

माई तिच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बरं झालं," आणि वेलची कुटायला बसल्या.

"कणीक, गूळ, भोपळा. म्हणजे घारगेच की. फक्त जाळीचे."

"हे तळायचे नसतात, माई."

"मग तूप कशाला ओततेयस एवढं?"

एरवी नूतन हसली असती.

आठ वाजून दहा मिनिटांनी अभिजीतचा फोन आला. "डिस्चार्ज थांबवलाय. सकाळच्या रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स एकदम कमी आल्यात. परत रक्त घेतलंय."

"किती कमी?"

"तू घाबरू नको. बघतायत ते."

"सकाळी रक्त किती वाजता घेतलं होतं?"

"साडेसातला. का गं?"

"काही नाही."

सुरी घातली तेव्हा सात वीस झाले होते. नूतनने यंत्रात पीठ ओतलं, झाकण लावलं आणि विसरली. धूर झाला तेव्हा माईंनीच बटण बंद केलं. रागावल्या नाहीत.

"तुम्ही तरी चहासोबत काही खा," नूतन म्हणाली.

"सोहम येऊ दे."

त्या परत देवापुढे जाऊन बसल्या. कीर्तनाआधीचं नमन त्यांना झोपेतही यायचं. आज अर्ध्यावर अडत होत्या. पुन्हा पहिल्यापासून म्हणत होत्या. नूतन ओट्याशी उभी राहून ऐकत होती. त्या बिचाऱ्या नातवासाठी देवाला आळवतायत, आणि आपण त्यांच्या तोंडावर खोटं बोललो. करून वर खोटं.

साडेनऊला फोन वाजला. तिने तो माईंच्या समोरच स्पीकरवर घेतला.

"पहिलं रक्त बाटलीत गोठलं होतं, म्हणून कमी दाखवलं," अभिजीत म्हणाला. "दुसऱ्यात एक लाख दहा हजार आल्यात. आम्ही निघालो. हा विचारतोय, झाले का म्हणून."

नूतन खालीच बसली. माईंनी डोळ्यांना पदर लावला.

मग दोघी कामाला लागल्या. यंत्राचा दिवा लाल व्हायचा, हिरवा व्हायचा. एकेक वॉफल खरपूस निघत होता, घरभर गुळाचा आणि वेलचीचा वास सुटला होता. माई ताटलीत मांडत होत्या. पण सकाळचं खोटं नूतनला सलत होतं. पोराच्या तोंडात पहिला घास जायच्या आत ते बाहेर पडायला हवं होतं.

"माई, काका घरी नव्हते. भोपळा मीच चिरला. वर खोटं बोलले."

"माहितीये. ते रविवारपासून नाहीत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत? मला वाटलं, माझ्यामुळेच त्याचं..." तिने यंत्राचं झाकण लावलं. "तुम्ही मला काहीही म्हणा."

हात पुसून माईंनी फ्रिज उघडला. उरलेला अर्धा भोपळा काढून ओट्यावर ठेवला. खाली रिक्षा थांबली. जिन्यातून सोहमचा आवाज आला, "आई, किती केलेस?"

माईंनी वाळलेली कणीक नखाने खरवडून काढली. कुंकू ओट्यावर सांडलं. खाली सालीवर सुरीची चार बोटं लांब सरळ चीर होती, कडा सुकून काळ्या पडलेली.

"सोमवारी दुपारची आहे," माई म्हणाल्या. "मला त्याला घारगे करून घालायचे होते."