भेळेवरचं भांडण

दिगंबर शिखरे आणि कुमुदिनी थिएटरात मिळालेले नवे चष्मे घेऊन बाहेर पडले, तेव्हा दोघंही खूश होते. तिथेच दिगंबररावांच्या मनात पाल चुकचुकली. तीस वर्षं ते पेपरात चित्रपटांची परीक्षणं लिहीत होते आणि तीस वर्षं रंकाळ्यावर भेळ खाताना नवराबायकोचं चित्रपटावरून कडाक्याचं वाजत होतं. त्या भांडणातूनच परीक्षण तयार व्हायचं.

"शेवटी बाप घरी परतला, तेव्हा मला रडूच आलं," कुमुदिनी म्हणाली.

"परतला? अगं, माझ्या चष्म्यात तर तो बोटीत बसून निघून गेला!"

"असेल. ज्याला जे आवडतं ते दिसतं."

भेळ मुकाट्याने संपली.

घरी आल्यावर दिगंबररावांना परीक्षणाची एकही ओळ सुचेना. प्रत्येकाच्या आवडीनुसार गोष्ट बदलणारा चष्मा. त्यावर मत तरी काय द्यायचं? वैतागून त्यांनी तो उलटासुलटा केला. दांडीच्या आत एक बारीक बटण होतं: 'सर्वांना एकच'. कुणी ते कधी दाबलंच नसावं.

दुसऱ्या दिवशी दोघांनी ते दाबून तोच चित्रपट पुन्हा पाहिला आणि रंकाळ्यावर भेळ मागवली.

"अहो, बाप असा वागेल का कधी? काहीतरीच!"

"तोच तर खरा बाप! तुला काही कळत नाही."

"मला कळत नाही? मग गेल्या तीस वर्षांत माझी वाक्यं कशाला चोरलीत?"

भेळवाला हसला. "काका, काल तुम्ही गप्प होता. मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे."

रविवारी परीक्षण छापून आलं: 'माझ्या मते चार तारे, बायकोच्या मते एक. बटण दाबून जोडीनं बघा. भेळेला वेळ राखून ठेवा.'